आधी सहावा दिवस ठरवा, मग गाडी भरा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दहा चाकी गाडी घेतली, नॅशनल परमिट काढलं, वर्षभर मुंबई-पुणे-नाशिक चालवली. आता सिन्नरच्या एमआयडीसीतून कोलकात्याला यंत्रांच्या सुट्या भागांचं पहिलं लांबचं भाडं आलंय. पार्टी म्हणते २१ टन माल, चार दिवसांत पोच. ड्रायव्हर एकच. आणि तुम्ही विचारताय, की कुठले कागद लागतील आणि वाटेत काय काळजी घ्यायची.

कागदांकडे येतोच. पण "२१ टन" आणि "चार दिवस" हे दोन शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, आणि खरी गोम तिथंच आहे. मी अकरा वर्षं स्वतः स्टिअरिंगवर होतो, त्यानंतर गाड्या चालवून घेतोय. ओडिशात मध्यरात्री जे बिघडतं, ते बहुतेक वेळा सिन्नरच्या गेटवर आपण "हो" म्हटल्यामुळे बिघडलेलं असतं.

आधी दिवसांचा हिशेब करू. सिन्नर ते कोलकाता साधारण सतराशे किलोमीटर. भरलेली दहा चाकी समृद्धीवर तासाला ५५ सहज काढते, पण नागपूर सोडल्यावर ते दिवस संपतात. ओडिशात संबळपूरच्या पुढे देवगड, पाल लहडा, केंदुझर या पट्ट्यात तासाला ३० निघाले तरी खूश व्हायचं. सगळं धरून सरासरी ४०. चार दिवसांत सतराशे म्हणजे रोज ४२५, म्हणजे रोज साडेदहा तास नुसतं स्टिअरिंग. त्यात डिझेल, जेवण, टोलची रांग, आरटीओची तपासणी, पंक्चर काहीच धरलेलं नाही. ते धरलं की माणूस चौदा-पंधरा तास जागा, सलग चार दिवस.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम ड्रायव्हरच्या कामाचे तास कामगार कायद्याशी बांधतं. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. पाच तास सलग चालवल्यावर निदान अर्धा तास विश्रांती, हा हिशेब १९६१ च्या मोटार कामगार कायद्यापासून चालत आलाय. आठ तास गुणिले ४० म्हणजे दिवसाला ३२०, म्हणजे गाडी सहाव्या दिवशी पोचते. हे आकडे हायवेवर कुणी तपासत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तपासते ती झोप. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत, अशी नियमातच अट होती. २०१८ मध्ये ती निघाली आणि अनेक मालकांनी दुसरा ड्रायव्हर काढला, पण पोचायचे दिवस तेवढेच ठेवले.

गंमत बघा. माल नेताना जीएसटीचं जे ई-वे बिल लागतं, त्याला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, त्या हिशेबाने सतराशेला सरकारच नऊ दिवस देतं. घाई फक्त पार्टीला आहे. तेव्हा पार्टीला फोन करा आणि सरळ सांगा: एका ड्रायव्हरवर सहावा दिवस, चारच दिवसांत हवं असेल तर दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार-भत्ता भाड्यात धरा. दहातल्या सात पार्ट्या सहा दिवस कबूल करतात, कारण चार दिवस हा आकडा त्यांनीही कुणाकडून तरी ऐकलेला असतो. उरलेल्या तीन पार्ट्यांचं भाडं दुसऱ्या कुणाला तरी मिळू द्या.

आता २१ टन. तुमच्या आरसीवर एकूण वजन बहुधा २८ टन असेल. २०१८ मध्ये सरकारने एक्सलची मर्यादा वाढवली तेव्हापासून मागच्या जोड-एक्सलला (दोन एक्सल मिळून) १९ ऐवजी २१ टन चालतात, पुढच्याला ७. आरसीवर त्याहून कमी आकडा असेल, तर तुमच्यापुरती मर्यादा तीच. रिकामी गाडी डिझेल, ताडपत्री, दोर, स्टेपनी, माणसं धरून साडेनऊ टन भरली, तर मालाला उरतात साडेअठरा. २१ टन घेतलात की अडीच टन ओव्हरलोड. कलम १९४ प्रमाणे दंड २० हजार, वर दर जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च तुमचा, आणि तो उतरल्याशिवाय गाडी हलत नाही. वजनकाट्यावर जायला नकार दिला तर ४० हजार. अनोळखी गावात हमाल शोधून अडीच टन माल रस्त्याच्या कडेला उतरवणं, त्याच्यावर राखण ठेवणं, दुसरी गाडी बोलावणं हा वैताग दंडापेक्षा मोठा असतो. आणि ही जबाबदारी एकट्या ड्रायव्हरची नाही. गाडी चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, सगळे त्या कलमात येतात. म्हणजे तुम्हीही.

"सगळे एवढंच भरतात" हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. ते म्हणणारा घाटात गाडीत बसलेला नसतो.

एकूण वजन बरोबर असून माल चुकीचा ठेवला तरी गाडी बिघडते, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. यंत्रांचे भाग म्हणजे छोट्या जागेत मोठं वजन. हमालांना सोपं पडतं म्हणून ते जड पेट्या डाल्याजवळच, म्हणजे मागच्या फळीपाशी, टाकतात. मग मागचा एक्सल दबतो, पुढचा हलका होतो आणि स्टिअरिंग हातात तरंगायला लागतं. चढावर तर पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत असं वाटतं. म्हणून काट्यावर दोनदा वजन करायचं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून, मग पूर्ण गाडी. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागचं कळतं. काट्यावाला कुरकुर करतो, त्याला दुसऱ्या पावतीचे पैसे देऊन टाकायचे. पुढचं साडेपाच टनांच्या खाली दिसलं, तर मी गाडी परत गेटवर नेतो आणि पेट्या पुढे सरकवून घेतो. पेट्यांमध्ये मोकळी जागा राहिली तर लाकडी ठोकळे ठोका. नुसत्या दोरावर जड पेटी थांबत नाही. जोरात ब्रेक मारला की ती केबिनच्या मागच्या पत्र्यावर येते, आणि त्या पत्र्याला लागूनच ड्रायव्हर बसलेला असतो.

आता कागद. आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, रोड टॅक्स, परमिट, लायसन्स, इनव्हॉइस, बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती), ई-वे बिल. यातले गाडीचे कागद आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर चालतात, पण छापील संच गाडीत ठेवाच. रेंज नसलेल्या ठिकाणी तपासणी करणाऱ्याला तुमचा मोबाइल दाखवून काही होत नाही. फसगत होते ती पुढच्या चार-पाच जागी.

परमिट पाच वर्षांचं असतं, पण नॅशनल परमिटचं ऑथरायझेशन, म्हणजे परराज्यात चालवायची मंजुरी, दर वर्षी घ्यावं लागतं, १६,५०० रुपयांच्या एकत्रित फीसह. लोक पाच वर्षं लक्षात ठेवतात आणि एक वर्ष विसरतात. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी. प्रवासाच्या मध्ये कुठलीच तारीख पडत नाही ना ते बघा, आणि जायच्या दिवसांसोबत परतीचेही दिवस धरा. तिकडे परतीच्या मालासाठी गाडी चार-पाच दिवस उभी राहते, तेव्हा वीस दिवसांचा पल्ला धरून तारखा तपासा.

लायसन्सचं तसंच. व्यावसायिक लायसन्स आता पाच वर्षांचं असतं, पण मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारे ३० दिवस आता मिळत नाहीत. मुदत संपली त्या रात्री बारानंतर तो माणूस बिनलायसन्सचा. अशा वेळी अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई देऊन ती तुमच्याकडून वसूल करू शकते. ड्रायव्हरला नुसतं "लायसन्स आहे ना?" विचारू नका, हातात घेऊन तारीख वाचा.

विम्याचीही एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. गाडीचा विमा आणि मालाचा विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालाचा ट्रान्झिट विमा पार्टीने काढलाय का, ते विचारून बिल्टीवर लिहून घ्या. क्लीनर जाणार असेल तर तो पॉलिसीत धरलाय का, तेही बघा. आणि क्लीनरच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही, पार्किंगमध्ये गाडी मागे घ्यायलासुद्धा नाही.

ई-वे बिलावर जरा थांबतो, कारण तिथं मी स्वतः पोळलोय. बिल पार्टी काढते, पण गाडीचा नंबर ज्यात असतो तो भाग ब बरोबर आहे का, हे आपण बघायचं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी गाडी थांबते. मुदत भाग ब भरल्यापासून धावते आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे १० तारखेला काढलेलं नऊ दिवसांचं बिल १९ तारखेच्या रात्री बारापर्यंत चालतं. गाडी अडकली तर मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच वाढवून मिळते. काही वर्षांपूर्वी रायपूरच्या अलीकडे माझ्या एका गाडीचा गिअरबॉक्स गेला. ओळखीच्या माणसाकडून दुसरी गाडी मिळवली, माल तिच्यात हलवला, गाडी पाठवली आणि स्वतःवरच खूश होऊन झोपलो. भाग ब मध्ये नवा नंबर टाकायचा राहिला. दीडशे किलोमीटरवर गाडी अडवली आणि कागद निस्तरेपर्यंत दोन दिवस उभी राहिली. माल खरा, बिल खरं, कर भरलेला, फक्त नंबर जुन्या गाडीचा.

परतीच्या मालाबद्दल एक. नॅशनल परमिटवर कोलकात्याहून महाराष्ट्रात, ओडिशात, कुठेही दुसऱ्या राज्यात माल नेता येतो. पण "सिलिगुडीला एक फेरी मारून ये, भाडं चांगलं आहे" म्हणणारे दलाल भेटतील. परराज्यात त्याच राज्यातल्या दोन गावांमध्ये माल उचलून टाकायला तुमच्या परमिटला परवानगी नाही. भाडं चांगलं असतं ते याच कारणाने.

फास्टॅगमध्ये पूर्ण वाटेचा जाता-येता टोल आधीच भरा आणि केवायसी तपासा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट. जुनी ई-चलनं थकलेली असतील तर निघण्यापूर्वी मिटवा.

गाडीची तयारी मी लोडिंगच्या आदल्या दिवशी करतो, कारण भरलेल्या गाडीखाली शिरायला कुणी राजी नसतं. हवेचे ब्रेक असे तपासा: इंजिन चालवून प्रेशर पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि मिनिटभर प्रेशरच्या काट्याकडे बघा. पहिला उतार सोडून काटा पुढेही घसरत राहिला तर कुठंतरी हवा गळतेय. त्या शांततेत फुसफुस ऐकूही येते. हवेच्या टाकीत साचलेलं पाणी सोडा. टायर गार असतानाच हवा मोजा. समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हात टायर तापतो, प्रेशर चढतं, आणि ड्रायव्हर वाटेत हवा कमी करतात. ती चूक आहे, कारण गार झाल्यावर तोच टायर कमी हवेचा होतो आणि मग आणखी तापतो. मागच्या जोडीतला आतला टायर बसलेला असेल तर बाहेरून दिसत नाही. हातोडीने किंवा टॉमीने (लोखंडी दांड्याने) ठोका. भरलेला टायर टणकन वाजतो, बसलेला धप् करतो. दर थांब्याला हे करायला दोन मिनिटं लागतात. त्याच फेरीत हाताचा पंजा चाकाच्या मधल्या हबजवळ न्यायचा. सगळी चाकं कोमट आणि एकच चटका देतंय, तर तिथं ब्रेकचा लायनर धरून बसलाय किंवा बेअरिंग जातंय. निघाल्यावर पहिल्या ४०-५० किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा आवळायचा, कारण माल बसतो आणि दोर ढिला पडतो.

मागची रिफ्लेक्टर पट्टी आणि टेललाइट रोज संध्याकाळी फडक्याने पुसायचे. धूळ आणि चिखल बसला की अंधारात तुमची गाडी अस्तित्वातच नसते.

वाटेचा आराखडा मी असा केला असता. पहिल्या दिवशी समृद्धीने कारंज्यापर्यंत. रस्ता सरळ, सपाट आणि कंटाळवाणा आहे, डोळे उघडे ठेवून झोप लागते, म्हणून दर दोन तासांनी अधिकृत थांब्यावर गाडी काढून खाली उतरायचं. दुसऱ्या दिवशी नागपूर पार करून देवरी. तिसऱ्या दिवशी रायपूर ओलांडून सरायपाली. चौथ्या दिवशी संबळपूरवरून पाल लहडापर्यंत, पाचव्या दिवशी केंदुझर आणि झारखंडातलं बहरागोडा. त्या भागात लोहखनिजाच्या गाड्यांची रांग लागते, तिथं ओव्हरटेकची स्पर्धा करायची नाही. सहाव्या दिवशी खरगपूरवरून पुढे. पहिल्या दिवशी ३६५ आणि चौथ्या दिवशी २५०, असं असमान अंतर मुद्दाम ठेवलंय. रोजचे तास सारखे ठेवायचे, किलोमीटर नव्हेत. उतरवायचं ठिकाण धुलागड-डानकुनीकडच्या गोदामात आहे की शहरात, हे आत्ताच विचारा. शहरात असेल तर दिवसा जड गाड्यांना प्रवेशबंदी असते, म्हणजे रात्रीपर्यंत बाहेर थांबायची जागा आणि वेळ आधी धरावी लागते. दुर्गापूजेच्या दिवसांत निर्बंध आणखी वाढतात.

चौपदरी रस्त्यावर मालगाडीला ८०, साध्या रस्त्यावर ६०. स्पीड गव्हर्नरही ८० वरच बांधलेला असतो. त्याची वायर काढून देणारे मेकॅनिक भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

आणि उतारावर न्यूट्रल नाही. या एका गोष्टीसाठी मी दोन चांगले ड्रायव्हर घरी पाठवलेत. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्ही पाहिला असेलच. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची, कधी इंजिनही बंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका जड गाडीने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली, तेव्हा न्यूट्रलचीच चर्चा झाली. गिअर काढला की इंजिनची पकड सुटते, सगळा भार लायनरवर येतो. लायनर तापून गुळगुळीत झाला की पाय कितीही दाबा, गाडी धरत नाही. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही बंद, चार-पाच ब्रेकांत हवा संपते, आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. वाचणारं डिझेल एका उताराला शंभर-दोनशे रुपयांचं नसतं.

रात्री दोन ते पाच गाडी उभी. ही माझी अट आहे आणि ड्रायव्हरच्या ट्रिपशीटवर थांब्याच्या गावांसह ती लिहिलेली असते. १९९९ च्या सुमारास देवरीच्या पुढे पहाटे साडेतीनला माझा डोळा लागला होता. जाग आली ती चाकांखाली खडी वाजल्याने, आणि समोर झाड चार हातांवर. त्या क्षणापर्यंत मी जागा आहे याची मला पक्की खात्री होती. लवकर पोचल्याबद्दल इनाम देऊ नका. ड्रायव्हरला भत्ता दिवसावर द्या, फेरीवर दिलात की तो झोप विकून दिवस वाचवतो. थांबायचं ते उजेडाच्या, राखण असलेल्या पार्किंगमध्ये. रस्त्याकडेला उभ्या गाडीची ताडपत्री फाटते, डिझेल निघतं, आणि मागून कुणीतरी येऊन धडकतं.

गाडी बंदच पडली तर जमेल तेवढी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण चांगला लांब मागे ठेवा आणि १०३३ ला फोन करा. ही राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन आहे. त्रिकोण नसला की आपली माणसं झाडाची फांदी आणि दगड मांडतात. एक वेळ फांदी समजू शकतो, पण गाडी दुरुस्त झाली की दगड तिथंच सोडून निघतात. रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. दगड उचलल्याशिवाय माझा ड्रायव्हर निघत नाही, आणि उचलल्याचा फोटो पाठवतो.

कोलकात्याला पोचल्यावर गाडी गेटमध्ये आत गेल्याची आणि रिकामी होऊन निघाल्याची वेळ बिल्टीवर शिक्क्यासह लिहून घ्या. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे, पैसे मागताना तोच एक पुरावा उरतो. रिकामी गाडी लगेच परतीच्या मालाला लावू नका. ड्रायव्हरला एक पूर्ण रात्र झोपू द्या. सकाळी त्यानेच चाकं ठोकून तुम्हाला फोन करावा, मग दलालाशी बोला.